कॉर्न स्नेकची पहिली अंडी घरी उबवताना

इंग्लंडमध्ये घरी साप पाळणाऱ्यांपैकी अनेकांची सुरुवात कॉर्न स्नेकपासून होते. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने शांत आहे. तो थोड्या काळजीतही चांगला जगतो आणि त्याची अंडी उबवणे इतर अनेक सापांच्या मानाने सोपे असते. मात्र ते सोपे आहे म्हणून नवखा माणूस आयत्या वेळी धावपळ करतो, आणि अंडी दगावतात ती बहुधा याच धावपळीत. माझ्या अनुभवाप्रमाणे या कामाचा तीन चतुर्थांश भाग अंडी येण्यापूर्वी उरकायचा असतो, आणि उरलेला भाग मुख्यतः हात आवरून बसण्याचा असतो. लेखाची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

प्रथम कायद्याविषयी. इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही, परंतु पिल्ले विकण्याचा व्यवसाय करायचा असल्यास २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. नको असलेले पिल्लू बाहेर सोडून देणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. जॉर्जिया राज्यात हा साप स्थानिक वन्यजीव मानला जात असल्याने तो घरी पाळता येत नाही, तर हवाईत कोणताच साप पाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा लेख केवळ माहितीसाठी वाचावा. आपल्याकडचे साप पकडणे, पाळणे किंवा त्यांची अंडी घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. परसात किंवा विटांच्या ढिगाऱ्यात धामणीची अथवा दिवडाची अंडी सापडली, तर ती न हलवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आधी एक निर्णय

कॉर्न स्नेकची मादी एका वेळी साधारणपणे दहा ते वीस अंडी घालते, कधी त्याहूनही अधिक. म्हणजे ऑगस्टमध्ये घरात पंधरा पिल्ले असू शकतात. ती एकमेकांना खाऊ शकतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र डबा, पाणी आणि दर आठवड्याला खाणे द्यावे लागते. शिवाय हा साप पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. पिल्ले कोणाकडे जाणार याचे उत्तर नर-मादी एकत्र सोडण्यापूर्वी हाताशी असावे. ‘कोणीतरी घेईलच’ हे उत्तर नव्हे, कारण प्राण्यांच्या आश्रयकेंद्रांत सोडून दिलेल्या सापांत कॉर्न स्नेक नेहमीच असतात.

मादी पुरेशी वाढलेली असल्याशिवाय तिच्यावर हा भार टाकू नये. वय किमान तीन वर्षे, वजन किमान ३०० ग्रॅम आणि लांबी किमान तीन फूट हा पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला दंडक मला पटतो. खरे तर चौथ्या वर्षापर्यंत थांबलेले अधिक चांगले, कारण अंडी तयार होताना मादीच्या अंगातले कॅल्शियम आणि चरबी मोठ्या प्रमाणात खर्च होते.

कधीकधी निर्णय आपल्या हातात राहत नाही. नराचा सहवास नसतानाही मादी फलन न झालेली अंडी घालू शकते. विकत आणलेल्या मादीच्या शरीरात आधीच्या समागमाचे शुक्राणू कित्येक महिने टिकून राहिलेले असतात, त्यामुळे एकटी ठेवलेली मादी फलित अंडीही घालू शकते. अशी अंडी वाढवायची नसतील तर पहिल्या दिवशीच ती फ्रीझरमध्ये ठेवावीत. उशीर करून आतला जीव वाढू द्यायचा आणि मग मन बदलायचे, हे त्या जीवावर अन्याय करणारे आहे.

मादीची तयारी आणि अंडी घालण्याची जागा

वसंतात, म्हणजे मार्च ते मे या काळात, समागम झाला की साधारण महिना ते दीड महिन्याने मादी अंडी घालते. शरीराचा मागचा अर्धा भाग फुगीर दिसू लागतो, ती उबेच्या जागी जास्त वेळ पडून राहते आणि पुढे पुढे खाणे नाकारते. नंतर ती कात टाकते. ही कात म्हणजे आपल्यासाठी घड्याळच आहे, कारण तिच्यानंतर आठ ते बारा दिवसांत बहुधा अंडी येतात. कात टाकल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.

कातेच्या आधीच मादीच्या पिंजऱ्यात अंडी घालण्यासाठी एक डबा ठेवावा. तो अपारदर्शक, तिला आत सैलसे वेटोळे घालता येईल इतका मोठा, आणि बाजूला किंवा झाकणाला एकच भोक असलेला असावा. त्यात ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे शेवाळ, भरावे. मुठीत घट्ट पिळल्यावर पाणी ठिबकणार नाही, पण हाताला ओल लागेल, इतपत ओलावा पुरे. हा डबा ठेवायचा राहून गेला, तर मादी ओल शोधत पाण्याच्या भांड्यात जाऊन अंडी घालते, आणि पाण्यात बुडून राहिलेली अंडी मरतात.

अंडी घालायला सुरुवात झाली की मादीला मुळीच त्रास देऊ नये. हे काम कित्येक तास चालते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून ती राखते, कॉर्न स्नेकची मादी तसे करत नाही. निसर्गात ती कुजलेल्या ओंडक्यात किंवा पालापाचोळ्यात अंडी घालून निघून जाते. म्हणून ती डब्याबाहेर आल्यावर, किंवा आत नुसतीच पडून असल्यास हलक्या हाताने उचलून, तिला अंड्यांपासून वेगळे केल्याने तिचे काही बिघडत नाही. तिच्या पोटाकडून शेपटीकडे बोटे अलगद फिरवून पाहावे. एखादी गाठ लागली आणि दोन दिवसांतही अंडे बाहेर आले नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. अडकलेले अंडे दाबून बाहेर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण त्यात मादी जिवाला मुकते. सर्व ठीक असल्यास तिला ताजे पाणी द्यावे आणि दोन-तीन दिवसांनी नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे.

उबवणीची पेटी

पेटी अंडी येण्याच्या किमान एक आठवडा आधी चालू करून ठेवावी. तयार इन्क्युबेटर घेतला तरी चालतो, पण घरी बनवलेली पेटीही तितकीच चांगली चालते. मी मासळीवाल्याकडून आणलेली जाड थर्मोकोलची पेटी वापरतो. तिच्या एका बाजूच्या भिंतीला आतून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावली आहे आणि ती थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उष्णता आपोआप बंद-चालू करणाऱ्या उपकरणाला, जोडली आहे. तळाशी पाण्याने भरलेल्या चार बाटल्या आडव्या ठेवल्या आहेत. हे पाणी उष्णता धरून ठेवते, त्यामुळे झाकण क्षणभर उघडले किंवा तासभर वीज गेली तरी तापमान एकदम ढासळत नाही. बाटल्यांवर जाळी आणि जाळीवर अंड्यांचा डबा अशी रचना आहे. डबा हीट मॅटला टेकता कामा नये.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे तारेचे टोक, अंड्यांच्या पातळीवर, डब्याला लागून पक्का बसवावा. तो सुटून खाली पडला, तर थर्मोस्टॅट थंड जागेचे तापमान मोजत राहतो आणि वर अंडी शिजतात. म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा वेगळा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या डब्यात ठेवावा. आठवडाभर दोन्ही आकडे रोज लिहून काढले की पेटीचा स्वभाव कळतो. रात्री किती उतरते, दुपारी किती चढते, खोलीतला हीटर बंद झाल्यावर काय होते, हे सारे अंडी नसतानाच समजलेले बरे.

तापमान २८ अंश सेल्सिअस ठेवावे. २७ ते २९ मधला फरक अंडी सहज सोसतात. या तापमानाला पिल्ले बाहेर यायला सुमारे साठ दिवस लागतात. तापमान कमी ठेवल्यास दिवस वाढतात आणि वाढवल्यास कमी होतात. तरीही लवकर पिल्ले मिळावीत म्हणून तापमान चढवणे ही मोठी चूक आहे. ३२ अंशांच्या वर अंडी फार काळ राहिली, तर पाठीचा कणा वाकडा असलेली पिल्ले निपजतात किंवा आतल्या आत मरतात. कासवांच्या अनेक जातींत आणि मगरींमध्ये नर की मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरते. सापांत तसे नसून ते गुणसूत्रांवर ठरते, म्हणून त्या हिशेबाने तापमानाशी खेळण्यात काही अर्थ नाही.

अंड्यांचा डबा

झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्याच्या वरच्या भागात दोन-तीन बारीक भोके पाडावीत. आत पाच-सहा सेंटीमीटर जाडीचा व्हर्मिक्युलाइटचा, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाचा, थर द्यावा. बागकामाच्या दुकानात तो सहज मिळतो, मात्र खत मिसळलेला घेऊ नये. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सारखे घ्यावे, म्हणजे ३०० ग्रॅमला ३०० ग्रॅम पाणी. नीट कालवल्यावर मुठीत दाबले असता गोळा व्हावा, पण पाण्याचा थेंब सुटू नये. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण ओल जास्त ठेवतात. कोरडेपणाने पिचकलेले अंडे वेळीच ओल दिल्यास पुन्हा भरते, पण पाण्याने फुगून गुदमरलेले अंडे परत येत नाही, हे ध्यानात ठेवावे. तयार डबाही रिकामा असतानाच दोन दिवस पेटीत ठेवून २८ अंशांवर येऊ द्यावा.

अंडी उचलताना

ज्यांच्या घरी कोंबडी खुडूक बसवलेली आहे, त्यांना कोंबडी अंडी चोचीने उलटीपालटी करते हे ठाऊक असते. सापाच्या अंड्यांना नेमके उलटे लागते. पक्ष्यांच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पीळदार दोरे असतात, म्हणून अंडे फिरले तरी गर्भ सुरक्षित राहतो. सापाच्या अंड्यात असे दोरे नसतात. एक-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो, आणि नंतर अंडे उलटले तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून अंडी हलवण्यापूर्वीच प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने एक छोटी खूण करावी आणि ती खूण शेवटच्या दिवसापर्यंत वरच राहील असे पाहावे. पेनाची शाई वापरू नये.

ताजी अंडी चिकट असतात आणि काही तासांत एकमेकांना घट्ट धरतात. चिकटलेला घोस सोडवायला जाऊ नये, कारण त्यात कवच फाटते. तो आहे तसा, त्याच दिशेने उचलून व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धा रुतेल असा ठेवावा. चांगले अंडे पांढरेशुभ्र, तीन-चार सेंटीमीटर लांब, भरलेले आणि हाताला चामड्यासारखे लागते. पिवळसर, लहान, मेणचट आणि कडक अंडे बहुधा फलन न झालेले असते. ते सुटे असेल तर बाजूला काढावे, घोसात असेल तर राहू द्यावे.

शंका असल्यास आठवड्याभराने खोलीत अंधार करून अंड्याच्या बाजूला लहान एलईडी टॉर्च टेकवावी. अंडे आतून गुलाबी उजळते आणि तांबड्या बारीक शिरांचे जाळे दिसते. दिव्याने अंडे तापू नये म्हणून हे काम काही सेकंदांतच आटोपावे आणि अंडे जागेवरून उचलू नये. नुसता पिवळा उजेड दिसला, तरी लगेच टाकून देण्याची घाई करू नये. जोवर अंडे कुजत नाही, तोवर त्याला जागा द्यावी. सर्व झाल्यावर झाकण लावून भरलेल्या डब्याचे वजन करावे आणि ते तारखेसह चिकटपट्टीवर लिहून डब्यावर लावावे. हे वजन पुढे फार उपयोगी पडते.

साठ दिवस

आता दररोज थर्मामीटर पाहावा आणि आठवड्यातून एकदाच डबा उघडावा. उघडल्याने ताजी हवा आत जाते, तेवढी पुरते. झाकणाच्या आतल्या बाजूला दव साठले असेल तर कागदी रुमालाने पुसून घ्यावे, म्हणजे थेंब अंड्यांवर पडणार नाहीत. दर आठवड्याला डब्याचे वजन करावे. अंडी ओल शोषून जड होतात, पण ती ओल डब्यातच राहते. एकूण वजन घटते ते बाहेर गेलेल्या वाफेमुळे. जितके ग्रॅम घटले तितकेच कोमट पाणी, अंड्यांना न लागेल असे, डब्याच्या कडेने सोडावे. अंदाजाने पाणी शिंपडण्यापेक्षा हा हिशेब कितीतरी खात्रीचा आहे.

मधल्या काळात अंड्यांना खड्डे पडू लागले, तर ओल कमी पडली असे समजावे. शेवटच्या पंधरवड्यात मात्र अंडी बसल्यासारखी आणि सुरकुतलेली दिसणे स्वाभाविक आहे, तेव्हा घाबरून पाणी ओतू नये.

बुरशी दिसली की नवखा माणूस घाबरतो. जिवंत, सशक्त अंड्यावर बुरशी सहसा फार काळ टिकत नाही. मेलेले अंडे मात्र निळसर-हिरवट होते, बसते आणि वास मारू लागते. ते सुटे असल्यास काढून टाकावे. चिकटलेले असल्यास वरची बुरशी कोरड्या कापसाने पुसून तसेच ठेवावे, कारण शेजारची चांगली अंडी बहुधा तग धरतात. कुजक्या अंड्यांवर बारीक कुबड्या माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या शेजारच्या अंड्यांतही शिरतात. डब्याच्या भोकांवर आधीच बारीक जाळी चिकटवलेली असली की हा उपद्रव टळतो.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे इंग्लंडमधल्या घरांत त्याचा विचार कोणी करत नाही. थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये प्रथमच तापमान ४० अंशांच्या वर गेले, तेव्हा माझी पहिली अंडी सेहेचाळीस दिवसांची होती आणि पेटी माडीवरच्या लहान खोलीत होती. दुपारी तीन वाजता पाहिले तर हीट मॅट बंद होती आणि डब्यातले तापमान ३२.४ होते. मी पेटी जराही न कलंडू देता खाली जिन्याखालच्या कपाटात नेली, फ्रीझरमधल्या पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्यापासून दूर, कोपऱ्यात ठेवल्या आणि झाकण बोटभर उघडे ठेवले. २९ वर यायला दोन तास लागले. तेव्हापासून पेटीची जागा घराच्या तळमजल्यावर, आतल्या भिंतीला लागूनच असते आणि जूनपासून फ्रीझरमध्ये भरलेल्या बाटल्या तयार असतात. इतरांनीही तसेच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पिल्ले बाहेर येताना

साधारण पंचावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकणावरून नजर टाकावी. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी एक सूक्ष्म, तात्पुरता दात असतो. त्याने ते कवचाला आतून बारीक चिरा पाडते. माझ्याकडे पहिली चीर दिसली ती साठाव्या दिवशी सकाळी. अंड्यावर सेंटीमीटरभर लांब फट होती, तिच्यातून पारदर्शक द्रवाचा एक बुडबुडा आला होता आणि त्यामागे तांदळाच्या दाण्याएवढे नारिंगी नाक दिसत होते. झाकण उचलताच ते आत ओढले गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आले.

त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत कठीण असतात, कारण पिल्लू तिथेच थांबते. ते अडकलेले नसते. नाक बाहेर ठेवून ते फुप्फुसाने श्वास घ्यायला लागलेले असते आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. या अवस्थेत त्याला बाहेर ओढले, तर बलकाची पिशवी फाटते आणि पिल्लू मरते. काही अनुभवी लोक या टप्प्यावर इतर अंडी बारीक कात्रीने स्वतः कापून उघडतात. नवख्याने ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी, २ ऑगस्टला, नागपंचमी होती आणि आई आमच्याकडे आलेली होती. पाटावर चंदनाने नाग काढून, लाह्यांचा नैवेद्य दाखवून ती पेटीपाशी आली. माझ्या हातात कात्री पाहून ती एवढेच म्हणाली, “अरे, आज काही चिरायचं-कापायचं नसतं. ठेव ती.” मी ठेवली. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारापैकी अकरा पिल्ले आपली आपण बाहेर आली होती. एका अंड्यात पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले निघाले. कापले असते तर ते वाचले असते का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. तरीही पुढच्या वर्षी मी अंडी कापली नाहीत.

पहिली चीर दिसल्यापासून इतर अंड्यांतही दोन-तीन दिवसांत हालचाल दिसते. त्यानंतरही एखादे अंडे भरलेले आणि निरोगी दिसत असेल, तर ते आणखी आठवडाभर पेटीत ठेवावे.

पहिले काही आठवडे

पूर्ण बाहेर आलेले पिल्लू वीस ते तीस सेंटीमीटर लांब आणि जेमतेम सहा-आठ ग्रॅम वजनाचे असते. प्रत्येकाला स्वतंत्र, घट्ट झाकणाच्या लहान डब्यात ओलसर कागदी रुमालावर ठेवावे. झाकण खरोखर घट्ट असावे, कारण पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून ही पिल्ले निघून जातात. लपायला पुठ्ठ्याची नळी आणि उथळ पाणी द्यावे. डब्याची एक बाजू २८ अंशांच्या आसपास उबदार ठेवून दुसरी गार ठेवावी. पोटाला बलकाचा अंश लोंबत असल्यास त्याला हात लावू नये, तो वाळून गळतो.

सात ते दहा दिवसांत पिल्लू पहिली कात टाकते, आणि पहिले खाणे त्यानंतरच द्यायचे. गोठवलेले नवजात उंदीर दुकानात मिळतात. त्यांतले सर्वांत लहान घेऊन, कोमट पाण्यात पूर्ण वितळवून आणि कोरडे करून संध्याकाळी डब्यात ठेवावे आणि दिवा मालवून निघून जावे. सकाळपर्यंत खाल्ले नसल्यास ते टाकून द्यावे आणि पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. काही पिल्ले दोन-तीनदा नाकारतात, त्यात काळजीचे कारण नाही. मात्र वजन घटत चालले आणि महिना उलटला, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पिल्लू सलग चार-पाच वेळा खाल्ल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी देऊ नये. देताना त्याच्या जन्माची तारीख, कात टाकल्याच्या तारखा आणि खाण्याच्या नोंदी सोबत द्याव्यात.

सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून अंडी, पिल्ले किंवा डबे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. ही भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये विसळू नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्ले देऊ नयेत.

या गडबडीत मादीकडे दुर्लक्ष होते. अंडी घातल्यावर तिचे वजन बरेच उतरलेले असते. ते पूर्ववत होईपर्यंत तिला लहान लहान भक्ष्य थोड्या थोड्या दिवसांनी देत राहावे. काही माद्या त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा अंडी घालतात, आणि त्यासाठी पुन्हा नराजवळ जाण्याचीही गरज नसते. म्हणून पहिली अंडी पेटीत असतानाच मादीच्या कातेवर लक्ष ठेवावे आणि मॉसचा डबा पिंजऱ्यातून काढून टाकू नये.